पान कुठून आलं?

मे महिन्यात निपाणीत माणसांपेक्षा पाहुणे जास्त असतात. पुण्या-मुंबईकडे गेलेली मुलं नातवंडांना घेऊन येतात, रोज आमरसाचा घाट, रात्री गच्चीवर अंथरुणं. यंदा आमच्या धाकट्या लेकीचा मुलगा पंधरा दिवस राहून गेला. वय वर्षं नऊ. पुण्यातल्या एका 'इंटरनॅशनल' शाळेत जातो. येताना बॅगेत एक वही होती आणि वहीत सुट्टीचा अभ्यास. अभ्यास म्हणजे पाढे नाहीत की शुद्धलेखन नाही. एकच प्रश्न. आजी-आजोबांच्या गावातली अशी एक वस्तू शोधा, जी लांबचा प्रवास करून तिथं आली आहे. ती कुठून आली, कोणी आणली आणि ती आल्यामुळे कुणाचं काय बदललं?

"म्हणजे फी शाळेनं घ्यायची आणि शिकवायचं आजीनं," मी लेकीला म्हटलं. ती हसली. मी तेवढी हसले नाही. छत्तीस-सदतीस वर्षं प्राथमिक शाळेत खडू झिजवलेल्या बाईला असल्या शाळांबद्दल थोडी अढी असतेच. वर्षाचा खर्च लाखांत, गेटवर पृथ्वीचा गोल आणि आत वातानुकूलित वर्ग, एवढंच मला ठाऊक होतं.

त्यात शेजारच्या सूनबाई रोज संध्याकाळी कठड्याशी येऊन उभ्या. त्यांची मुलगी यंदा पहिलीला. "काकू, तुमच्या नातवाची शाळा कशी आहे हो? इथं हायवेला पण इंटरनॅशनल निघालीय. डोनेशन भरावं की आपल्या मराठी शाळेतच घालावं?" मी म्हटलं, आधी समजून घेते, मग सांगते. आजचा लेख म्हणजे त्यांना दिलेलं उत्तर समजा.

तर लेकीनं मला समजावलं ते असं. या शाळा ज्या 'आयबी' संस्थेशी जोडलेल्या आहेत, ती १९६८ साली स्वित्झर्लंडमध्ये सुरू झाली. देशोदेशी बदल्या होणाऱ्या आईबापांच्या मुलांची शिक्षणात आबाळ होऊ नये, हा मूळ हेतू. प्राथमिकसाठीचा त्यांचा कार्यक्रम १९९७ पासूनचा. त्यात इतिहास, भूगोल, विज्ञान असे वेगळे कप्पे करण्याऐवजी सहा मोठे विषय धरतात: आपण कोण आहोत, आपण कुठल्या काळात आणि कुठल्या जागी आहोत, आपण व्यक्त कसे होतो, जग चालतं कसं, माणसं आपली व्यवस्था कशी लावतात आणि ही पृथ्वी सगळ्यांनी मिळून कशी वापरायची. एकेक विषय पाच-सहा आठवडे चालतो. मुलं प्रश्न काढतात, माहिती शोधतात, माणसांना भेटतात आणि मग काय कळलं ते मांडतात. बाई उत्तर सांगत नाहीत, प्रश्नाला धार लावून देतात.

आणखी एक गोष्ट तिनं सांगितली, तिनं मात्र मी चाट पडले. शाळेनं पालकांना बजावलंय की घरी मुलाशी मराठीतच बोला, मातृभाषा पक्की असेल तरच पुढच्या भाषा पक्क्या होतात. इकडे आमच्या गल्लीत 'बेबी, ईट युवर भात' चाललेलं असतं! ज्यांना आपण इंग्रजीचे धनी समजतो, ते मातृभाषा सांभाळा म्हणतात आणि आपण ती उंबऱ्याबाहेर काढायला निघालो आहोत.

असो. वस्तू शोधायची होती. नातवाच्या डोक्यात बटाटा होता. बेळगाव भागात बटाटा होतो, बटाटा हा शब्दच पोर्तुगीज, हे त्यानं वाचलेलं. मग मिरची आली. संकेश्वरी मिरचीला आपल्या शेजारच्या गावाचं नाव, पण मिरची मूळची अमेरिकेची. मी म्हटलं, अरे, निपाणीत येऊन बटाटा-मिरची कसली लिहितोस? या गावाचा श्वास ज्या वासाचा आहे, तो सोडून?

तो म्हणाला, "पण तंबाखू वाईट असतो ना?"

असतोच. तंबाखूचं कौतुक मला करायचं नाही, या गावात त्याच्यापायी गेलेली माणसं मी पाहिली आहेत. पण वाईट वस्तूचाही प्रवास असतो आणि या गावातली निम्मी घरं त्या प्रवासावर उभी राहिली. तेव्हा वही घेऊन आम्ही निघालो ते पलीकडच्या गल्लीत, माझ्या एका जुन्या विद्यार्थिनीकडे. तिचं नाव मी इथं देत नाही. १९८३ च्या सुमारास ती माझ्या वर्गात होती. आज पन्नाशी उलटली, विड्या वळते. तिची आई वळायची, सासूही वळायची.

दारातच बसली होती. मांडीवर सूप, सुपात तंबाखू, ओल्या फडक्यात भिजवलेली पानं. पत्र्याचं माप पानावर ठेवायचं, कात्रीनं कापायचं, चिमटीभर तंबाखू, वळून टोक दुमडायचं, दोरा गुंडाळायचा. बोटं बघता बघता पुढं जात होती आणि ती आमच्याशी बोलत होती. नातू तिच्यासमोर उकिडवा बसला. पहिलाच प्रश्न त्यानं विचारला तो तंबाखूचा नाही, पानाचा. "हे पान कुठून येतं?"

तिचा हात थांबला. माझ्याकडे बघून हसली. "बाई, आठवतंय न्हवं?"

आठवत होतं. तिला आठवत नसेल, अशी आशा मी करत होते.

ती चौथीत असताना एकदा दप्तरातून असंच एक पान घेऊन आली होती. वाळलेलं, तांबूस, शिरा उठून दिसणारं. परिसराचा तास होता, पानांचे प्रकार चालले होते. आंबा, पिंपळ, वड मी फळ्यावर काढले होते. ती उठून म्हणाली, "बाई, हे पान कुठल्या झाडाचं? आमच्या रानात कुठंच न्हाई." मी म्हटलं, "विडीचं पान शाळेत आणतात? ठेव आत. पुन्हा आणलंस तर बाहेर उभी करीन." वर्ग हसला. ती खाली बसली. त्यानंतर तिनं मला काही विचारल्याचं मला आठवत नाही.

माझ्या मनात काही वाईट नव्हतं. व्यसनाची वस्तू मुलांच्या हाती नको, एवढंच. पण खरं सांगायचं तर मलाही उत्तर माहीत नव्हतं आणि माहीत नसलेला प्रश्न दाबून टाकायची आम्हा शिक्षकांना सवय होती. १९८१ साली शरद जोशींच्या नेतृत्वाखाली इथल्या तंबाखू शेतकऱ्यांनी पुणे-बंगळूर महामार्ग अडवला, हजारो माणसं रस्त्यावर बसली, शेवटी पोलिसांचा गोळीबार झाला, शेतकरी गेले. मुलं घरी रोज तेच ऐकत होती. वर्गात एकानं विचारलं, "बाई, तंबाखूचा भाव कोण ठरवतो?" मी म्हटलं, पुस्तक उघडा. भाव, व्यापार, शेती, सरकार, सगळा समाजशास्त्राचा अभ्यास दारात येऊन बसला होता आणि आम्ही पुस्तक उघडत होतो. त्याच सुमारास वखारीत राबणाऱ्या निपाणीच्या बायकांवर 'युगांतर' नावाच्या गटानं माहितीपट केला. १९८२ सालचा. कुठल्या कुठल्या लोकांनी तो पाहिला. आम्ही त्याच गावातले शिक्षक, त्या बायकांच्याच मुली आमच्या वर्गात, आणि आम्ही त्यांना कधी काही विचारलं नाही.

तर ते पान. ते टेंभुर्णीचं, ज्याला व्यापारात तेंदू म्हणतात. मध्य प्रदेश, छत्तीसगड, ओडिशा आणि आपल्या गडचिरोली-गोंदियाच्या जंगलांतून ते येतं. तोडणी उन्हाळ्यातच होते. म्हणजे आम्ही बोलत होतो त्याच दिवसांत तिकडे बायका-पुरुष पहाटे जंगलात जाऊन पान खुडत असणार. हे तिनंच त्याला सांगितलं. चाळीस वर्षांत तिनं आपलं उत्तर आपणच शोधलं होतं, पानाच्या गोण्या उतरवणाऱ्या हमालांना आणि ट्रकवाल्यांना विचारून.

मग आतून तिच्या सासूबाई आल्या. माहेर गोकाककडचं, बोलणं कन्नड. नातवानं तंबाखूकडे बोट दाखवून विचारलं, "याला कन्नडमध्ये काय म्हणतात?" म्हाताऱ्या म्हणाल्या, तंबाकूच म्हणतात, पण जुना शब्द होगेसोप्पु. होगे म्हणजे धूर. सोप्पु म्हणजे पाला.

धुराचा पाला! नातू खूश झाला आणि मी गप्प झाले. मराठीनं आलेल्या पाहुण्याचं नाव तसंच ठेवून घेतलं, कन्नडनं त्याला आपल्या घरचं नाव दिलं. उभा जन्म तंबाखूच्या गावात काढून हा शब्द मला माहीत नव्हता. कारण कधी विचारलाच नाही. नऊ वर्षांच्या पोरानं विचारला.

घरी आल्यावर पुढचा प्रवास आम्ही दोघांनी पुस्तकातून आणि लेकीच्या कॉम्प्युटरवरून शोधला. कोलंबसाच्या माणसांनी १४९२ साली अमेरिकेकडच्या बेटांवर हा धूर ओढणारी माणसं पाहिली. पोर्तुगीजांनी ते रोप आपल्या किनाऱ्यावर आणलं. आणि गंमत पाहा, मोगल दरबारात तंबाखू गेला तो आपल्या विजापुराहून! अकबराचा वकील असद बेग आदिलशाही दरबारात आला होता. १६०४-०५ च्या सुमारास परतताना त्यानं तंबाखू आणि नक्षीदार चिलीम बादशहासाठी नेली. अकबरानं दोन-चार झुरके घेतले, हकीम नको नको म्हणत होता. पुढं १६१७ साली जहांगिरानं तंबाखूवर बंदी घातली, ती किती चालली हे निपाणीकरांना सांगायला नको. नातवानं वहीत जगाचा नकाशा काढला आणि अमेरिका, लिस्बन, गोवा, विजापूर, आग्रा अशी रेघ ओढली. दुसरी रेघ बस्तरहून निघाली. दोन्ही रेघा आमच्या पलीकडच्या गल्लीत, एका सुपात येऊन मिळाल्या.

आता शेजारच्या सूनबाई म्हणतील, म्हणजे काकूंना इंटरनॅशनल शाळा पटली. थांबा. पद्धत पटली. तिला गेटवरचा पृथ्वीचा गोल लागतो, हे मात्र पटलेलं नाही.

इथून पाऊण-एक तासावर कोल्हापुरात लीलाताई पाटील यांनी १९८५ साली 'सृजन आनंद विद्यालय' काढलं. ना. सी. फडक्यांच्या त्या कन्या. मराठी माध्यमाची प्राथमिक शाळा. मुलांनी करून पाहावं, बाहेर जाऊन बघावं, प्रश्न विचारावेत, ही तिथली रीत. लीलाताई २०२० साली गेल्या. त्यांची पुस्तकं मी नोकरीत असताना वाचली होती, खाली रेघाही मारल्या होत्या. आणि दुसऱ्या दिवशी वर्गात जाऊन म्हटलं होतं, पुस्तक उघडा. वाचन आणि वागणं यांत किती मैलांचं अंतर असतं, ते मला विचारा.

फलटणचं उदाहरण तर याहून बोलकं. मॅक्सीन बर्नसन या अमेरिकन बाई १९६१ साली भारतात आल्या. फलटणची माणसं मराठी कशी कशी बोलतात, कुठल्या समाजाचं बोलणं कसं बदलतं, यावर त्यांनी अमेरिकेतल्या विद्यापीठात पीएच.डी. केली. १९७८ साली त्या भारताच्या नागरिक झाल्या. त्यांच्या संस्थेनं फलटणला 'कमला निंबकर बालभवन' ही शाळा १९८६ साली सुरू केली. जिची मातृभाषा इंग्रजी, त्या बाईनं शाळा काढली ती मराठी माध्यमाची! ज्या कमलाबाईंचं नाव शाळेला आहे, त्याही जन्मानं अमेरिकन, लग्न करून निंबकरांच्या घरात आलेल्या. आंतरराष्ट्रीय शाळा म्हणायची तर हिला म्हणावी, पण तसं तिच्या नावात कुठं लिहिलेलं नाही.

आणि परितेवाडी? सोलापूर जिल्ह्यात माढा तालुक्यातली जिल्हा परिषदेची शाळा. रणजितसिंह डिसले गुरुजींना ३ डिसेंबर २०२० रोजी दहा लाख डॉलरचा जागतिक शिक्षक पुरस्कार जाहीर झाला आणि त्यांनी निम्मी रक्कम अंतिम फेरीतल्या उरलेल्या नऊ शिक्षकांना वाटून टाकली, हे आपण सगळ्यांनी वाचलं. पुस्तकांवरच्या क्यूआर कोडचंही कौतुक झालं. आपल्यासाठी महत्त्वाची बाब मात्र मागं राहिली. पुरस्काराच्या घोषणेत आवर्जून सांगितलं होतं की तिथल्या मुलींच्या घरी कन्नड बोललं जाई आणि पुस्तकं त्या भाषेत नव्हती, म्हणून गुरुजी स्वतः कन्नड शिकले. भारत-पाकिस्तान, इस्रायल-पॅलेस्टाईन, इराक-इराण, अमेरिका-उत्तर कोरिया इथल्या मुलांना एकमेकांशी बोलायला लावणारा उपक्रमही त्यांनी चालवला. देशांच्या सीमा ओलांडायला निघालेल्या शिक्षकानं आधी शेजारची भाषा शिकून घेतली होती.

इथं मला एक अवघड गोष्ट बोलायची आहे. काही वाचक रागावतील, रागवा, पण पत्रं जरूर लिहा.

आपल्या पिढीनं कन्नडकडे भाषा म्हणून कमी आणि प्रश्न म्हणून जास्त पाहिलं. त्याला कारणं आहेत. १९५६ पासूनची जखम आहे. मराठीतून कागदपत्रं मिळावीत, फलकांवर मराठी असावी, ही मागणी मी स्वतः सह्या करून केली आहे आणि आजही करीन. सक्तीनं गळ्यात मारलेली भाषा पोटात उतरत नाही, हेही खरं. पण सक्तीच्या रागात आपण कुतूहलही मारून टाकलं. कन्नड पाठ्यपुस्तकापुरती, पासापुरती. तूप आणि तुप्प, अक्का, अण्णा, अडकित्ता, अर्धं घर दोन्ही भाषांत सारखं आणि वर्गात त्याचा उल्लेख नाही. निपाणीची मुलं चालत अर्जुननगरला देवचंद कॉलेजात जातात, म्हणजे रोज राज्य ओलांडतात. आपल्याकडे बेंदूर दोन, कर्नाटकी ज्येष्ठात आणि महाराष्ट्राचा आषाढात; बैल तेच. पुण्यातल्या शाळा ज्या अनुभवासाठी परदेशी शाळांशी पत्रव्यवहार करतात, तो आमच्या पोरांना फुकट आहे. असं का, हा प्रश्न मात्र आम्ही त्यांना विचारू देत नाही.

तिकडच्या बाजूलाही सांगायला हवं. म्हैसूर जिल्ह्यात हेग्गडदेवनकोटे तालुक्यात १९९५ मध्ये 'नली-कली' सुरू झाली. नली-कली म्हणजे आनंदानं शिक. सरकारी शाळांतल्या शिक्षकांनीच रचलेली पद्धत, पुढं राज्यभर कन्नड शाळांत पहिली ते तिसरीला गेली. आमच्या पलीकडच्या शाळेत हे चाललं असताना आम्हा मराठी शिक्षकांपैकी किती जण उठून बघायला गेलो? मी नाही गेले.

तर सूनबाई, तुमचं उत्तर. मुलीनं कुठल्या माध्यमात शिकायचं ते ठरवायचा हक्क तुमचा आहे, २०१४ साली सर्वोच्च न्यायालयानं कर्नाटकाच्याच खटल्यात ते सांगितलंय. मी कोण सांगणार? पण डोनेशन भरायच्या आधी हायवेच्या शाळेत जाऊन वर्गाबाहेर दहा मिनिटं उभ्या राहा. इमारत बघू नका. पोरं प्रश्न विचारतात का ते ऐका आणि बाईंना उत्तर येत नसेल तेव्हा त्या काय करतात ते बघा. मुलांच्या प्रकल्पाचे तक्ते भिंतीवर असतील, त्यातले किती आईनं रात्री अकरा वाजता चिकटवलेत ते तुम्हाला बरोबर ओळखता येईल. मग आपल्या मराठी शाळेत या आणि तेच करा. तिथल्या नव्या बाईंना मी ओळखते, पोरांना घेऊन वेदगंगेवर जातात, पाण्याचे प्रश्न लिहून आणतात. पट कमी झालाय, त्यांना पोरं हवी आहेत. मी तिकडे झुकते आहे, हे लपवत नाही. पण ऐकून आल्याशिवाय माझं ऐकू नका.

नातू जाताना पुन्हा त्या गल्लीत गेलो. त्याच्या वहीत शेवटच्या पानावर 'अजून न सुटलेले प्रश्न' असा रकाना होता. माझी विद्यार्थिनी म्हणाली, "माझा बी एक लिही. पान तोडणाऱ्या बायकांना तिकडं काय मिळतं? आमाला हजार विड्यांवर मिळतंय, त्यांना कशावर?" त्यानं तिच्यासमोर लिहून घेतलं.

गेल्या रविवारी त्याचा फोन आला. छत्तीसगडात पन्नास पानांची एक गड्डी, हजार गड्ड्यांचा एक मानक बोरा. २०२४ साली तिथल्या सरकारनं बोऱ्याचा दर चार हजारांवरून साडेपाच हजार रुपये केला. मी निरोप घेऊन गेले. तिनं हातातली विडी खाली ठेवली, मनातल्या मनात हिशेब केला.

"म्हंजे एका पानाला अकरा पैसं," ती म्हणाली. "आणि बाई, पोरं कुणापाशी ठेवून जात्यात त्या जंगलात? इचारा की त्याला."